आकाशाला कुंपण

२१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडिगोचे विमान पठाणकोटजवळ ३६ हजार फुटांवर असताना गारांच्या वादळात सापडले. विमानात दोनशेहून अधिक प्रवासी होते. समोर वादळी मेघांची भिंत होती. डावीकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय सीमेच्या दिशेने, थोडे वळले असते तर वादळाला बगल देता येण्याची शक्यता होती. वैमानिकांनी प्रथम भारतीय हवाई दलाच्या उत्तर विभागातील नियंत्रण कक्षाकडे तशी परवानगी मागितली. ती मिळाली नाही. मग लाहोरच्या नियंत्रण कक्षाला पाकिस्तानच्या हद्दीत काही काळ शिरू देण्याची विनंती केली. तीही नाकारण्यात आली. मागे फिरण्यासही अवधी उरला नव्हता. अखेर विमान वादळातूनच न्यावे लागले. मध्यंतरी ते मिनिटाला साडेआठ हजार फूट इतक्या वेगाने खाली येत होते. नाक फुटलेल्या अवस्थेत ते श्रीनगरला सुखरूप उतरले, ही वैमानिकांच्या कौशल्याची आणि प्रवाशांच्या दैवाची कृपा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने या घटनाक्रमाचे जे निवेदन प्रसिद्ध केले ते कोरड्या सरकारी भाषेत आहे. म्हणूनच ते वाचताना अंगावर काटा येतो.

या प्रकरणात लाहोरच्या अधिकाऱ्याने नियमाबाहेर काही केले असे म्हणता येणार नाही. पहलगाम येथे २२ एप्रिल रोजी दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली. दुसऱ्या दिवशी भारताने सिंधू करार स्थगित केला आणि २४ एप्रिल रोजी पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. ३० एप्रिल रोजी भारताने त्याच नाण्यात परतफेड केली. त्यानंतर दोन्ही बाजूंनी दर महिन्याला मुदतवाढीची सूचना काढण्याचा परिपाठ पडला. वैमानिकांसाठी निघणाऱ्या अशा सूचनेला ‘नोटॅम’ म्हणतात. चार ओळींचा तो मजकूर असतो आणि तो काढण्यासाठी संसदेत चर्चा करावी लागत नाही, की मंत्र्याला निवेदन करावे लागत नाही. राजदूताला परत पाठवावयाचे तर निदान काही विचार करावा लागतो. आकाश बंद करणे हे त्या मानाने फारच सोपे, आणि म्हणून फारच वारंवार वापरले जाणारे शस्त्र झाले आहे.

आकाश कोणाचे, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. विमान नवे होते तेव्हा काही युरोपीय कायदेपंडितांचे मत असे होते की समुद्राप्रमाणे आकाशही सर्वांना मोकळे असावे. पहिल्या महायुद्धाने हा उदार विचार निकालात काढला. डोक्यावरून जाणारे विमान टपालाच्या थैल्याच टाकील असे नाही, बाँबही टाकील, हे युरोपने अनुभवले आणि १९१९ च्या पॅरिस करारात प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण व अनन्य सार्वभौमत्व मान्य झाले. दुसरे महायुद्ध अजून चालू असताना, १९४४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, शिकागो येथे पन्नासहून अधिक राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व सर गिरिजाशंकर बाजपेयी यांच्याकडे होते. सोव्हिएत रशियाने मात्र आयत्या वेळी या परिषदेकडे पाठ फिरवली. अमेरिकेजवळ विमानांचा प्रचंड ताफा होता, म्हणून तिला आकाश मोकळे हवे होते. ब्रिटनजवळ विमाने थोडी पण साम्राज्यामुळे उतरण्याच्या जागा पुष्कळ होत्या, म्हणून त्याला नियंत्रण हवे होते. तत्त्वांच्या वादामागे असा व्यवहार होता. ७ डिसेंबर रोजी जो करार झाला त्याच्या पहिल्याच कलमात पॅरिसचे तत्त्व पुन्हा अधोरेखित झाले, आणि आजतागायत जगातील सर्व नागरी विमान वाहतूक त्या कलमावर उभी आहे.

याचा अर्थ असा की ठरावीक वेळापत्रकाने चालणारे कोणतेही विमान परक्या देशावरून जाते ते त्या देशाच्या संमतीने. शिकागोलाच एक दुसरा, छोटा करार झाला. त्यात सामील होणारी राष्ट्रे एकमेकांना दोन सवलती देतात : न उतरता वरून जाण्याची, आणि प्रवासी वा माल न चढवता-उतरवता केवळ इंधन घेण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी उतरण्याची. भारत आणि पाकिस्तान हे दोघेही या करारात आहेत. रशिया आणि चीन नाहीत. बाकी सवलती, म्हणजे प्रवासी आणण्याच्या, नेण्याच्या आणि तिसऱ्या देशात पोचवण्याच्या, दोन-दोन राष्ट्रांनी आपसात घासाघीस करून ठरवावयाच्या असतात. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा त्या उड्डाणाच्या मागे अशा वाटाघाटींचा कागद होता. प्रवाशाला तिकीट दिसते. हा कागद दिसत नाही.

वेळापत्रकाबाहेरच्या विमानाची गोष्ट आणखी निराळी. भाड्याने घेतलेले विमान, माल वाहणारे विमान, उद्योगपतीचे खासगी विमान यांना शिकागो कराराच्या पाचव्या कलमाने कागदोपत्री बरीच मोकळीक दिलेली आहे. प्रत्यक्षात बहुतेक देश आधी अर्ज मागतात : विमान कोणाचे, नोंदणी कोठली, आत काय आहे, कोठून शिरणार, कोठून बाहेर पडणार. अर्ज मंजूर झाला की परवानगीचा क्रमांक मिळतो आणि तो उड्डाणाच्या आराखड्यात लिहावा लागतो. ही कटकट निरर्थक वाटत असेल तर पुरुलियाची आठवण करावी. १९९५ च्या डिसेंबरमध्ये एक अँटोनोव्ह मालवाहू विमान कराचीहून वाराणसीला आले, तेथे त्याने इंधन घेतले आणि १७ डिसेंबरच्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात रायफली आणि दारूगोळ्याच्या पेट्या पॅराशूटने खाली सोडल्या. एवढे करून ते कलकत्त्याला उतरले आणि तेथून थायलंडला निघून गेले. चार-पाच दिवसांनी तेच विमान पुन्हा भारतावरून परत निघाले, तेव्हा कोठे त्याला मुंबईच्या सहार विमानतळावर सक्तीने उतरवण्यात आले. आणि तेथूनही मुख्य सूत्रधार निसटला! आकाशातील परवान्यांची आपली व्यवस्था कशी होती याचा हा धडा होता. परवाना देणारा फक्त शिक्का मारणारा असेल तर परवाना असून नसल्यासारखा.

सरकारी आणि लष्करी विमानांना तर शिकागो करार लागूच होत नाही. तेथे प्रत्येक वेळी खास अनुमती लागते, आणि अनुमती देणे वा नाकारणे हे उघड राजकारण असते. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या लष्करी वाहतूक विमानांना मुंबई, मद्रास व आग्रा येथे इंधन भरू देण्याचा निर्णय चंद्रशेखर सरकारने घेतला होता. तो उघडकीस येताच देशात गदारोळ झाला, ज्या काँग्रेसच्या टेकूवर ते सरकार उभे होते तिनेच विरोध केला, आणि फेब्रुवारीत ती सवलत बंद झाली. २०१३ च्या जुलैमध्ये बोलिव्हियाचे अध्यक्ष मोरालेस मॉस्कोहून मायदेशी निघाले असता त्यांच्या विमानात स्नोडेन लपले असल्याच्या निव्वळ संशयावरून युरोपातील काही देशांनी वाट अडवली आणि एका सार्वभौम राष्ट्राच्या अध्यक्षाला व्हिएन्नाच्या विमानतळावर रात्र काढावी लागली. २०१९ मध्ये राष्ट्रपती कोविंद आणि पंतप्रधान मोदी यांच्या विमानांना पाकिस्तानने अनुमती नाकारली तेव्हा भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे तक्रार नेली. हा विषय आमच्या कक्षेत येत नाही, असे तिने सांगितले. ते उत्तर कायद्याला धरून होते. आकाशाच्या पावित्र्याविषयी बोलताना आपणही एक गोष्ट विसरू नये. ४ जून १९८७ रोजी भारताच्या पाच मालवाहू विमानांनी लढाऊ विमानांच्या संरक्षणात जाफनावर अन्नधान्य टाकले, ते श्रीलंकेच्या संमतीने खासच नव्हते.

परंतु भारत-पाकिस्तान यांच्यातील प्रश्न नागरी विमानांचा आहे, आणि त्याचा इतिहास दोन्ही देशांना थोडा अडचणीत टाकणारा आहे. १९५२ मध्ये या विषयावर पहिली तक्रार केली ती भारताने. दिल्लीहून काबूलला जाणाऱ्या भारतीय विमानांना पाकिस्तान अफगाण सीमेलगतच्या पट्ट्यावरून जाऊ देत नव्हते; इराणच्या आणि अन्य विमानांबाबत मात्र ती हरकत नव्हती. भारताने शिकागो कराराचा आधार घेऊन त्या संघटनेच्या मंडळाकडे दाद मागितली आणि १९५३ च्या आरंभी पाकिस्तानने दोन मार्गिका मोकळ्या केल्या. आपला पक्ष तेव्हा निःसंशय न्याय्य होता.

१९७१ मध्ये भूमिका उलटल्या. ३० जानेवारी रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे फॉकर विमान पळवून लाहोरला नेण्यात आले. प्रवासी परत आले, विमान मात्र अपहरणकर्त्यांनी तेथेच जाळून टाकले. ४ फेब्रुवारी रोजी भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. पश्चिम पाकिस्तानातून ढाक्याला जाणाऱ्या विमानांना आता दक्षिणेस श्रीलंकेला वळसा घालून जावे लागले, आणि प्रवास दुपटीहून अधिक लांबला. पुढील काही आठवड्यांत पूर्व बंगालमध्ये जे घडणार होते ते लक्षात घेता या निर्णयाचे लष्करी मोल किती होते हे सांगावयास नको. ज्या सैन्याने २५ मार्चनंतर ढाक्यात कत्तल मांडली त्या सैन्याला आपल्या आकाशातून सुखाने जाऊ द्यावयास हवे होते, असे कोणी म्हणणार नाही.

तथापि कायद्याच्या दरबारात मामला सोपा नव्हता. पाकिस्तानने मार्चमध्ये मंडळाकडे तक्रार केली. भारताचा युक्तिवाद असा होता की १९६५ च्या युद्धाने हे करार दोन देशांपुरते स्थगित झाले होते, १९६६ नंतर जी वाहतूक सुरू झाली ती निराळ्या, खास व्यवस्थेखाली, आणि म्हणून मंडळाला या वादात शिरण्याचा अधिकारच नाही. मंडळाने तो फेटाळला. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. मुंबईचे विख्यात कायदेपंडित नानी पालखीवाला यांनी भारताची बाजू मांडली. १८ ऑगस्ट १९७२ च्या निकालात न्यायालयाने भारताचे अपील करण्याचे अधिकार मान्य केले, पण अपील फेटाळले. कोणा एका पक्षाने करार स्थगित झाल्याचे जाहीर करावयाचे आणि त्यामुळे करारातील वाद सोडवण्याची यंत्रणाही आपोआप बाद व्हावयाची, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. तसे मान्य केले असते तर कोणताही करार एका पत्राने गुंडाळता आला असता. पुढे बांगलादेश झाला, सिमला करार झाला आणि १९७६ मध्ये दोन्ही देशांनी आपसात समझोता करून आकाश मोकळे केले. मूळ प्रश्नावर, म्हणजे बंदी योग्य की अयोग्य यावर, निर्णय कधीच झाला नाही. १९७२ चा तो निकाल मात्र आजही जिवंत आहे. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी २०१७ मध्ये कतारची हवाई कोंडी केली. तो वाद हेगला गेला तेव्हा २०२० मध्ये न्यायालयाने हाच पूर्वाधार घेऊन मंडळाचा अधिकार पुन्हा मान्य केला.

त्यानंतरची वाटचाल पुनरावृत्तीची आहे. संसदेवरील हल्ल्यानंतर २००२ च्या जानेवारीपासून दोन वर्षे आकाश बंद राहिले. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ते १६ जुलै २०१९ पर्यंत पाकिस्तानने आपले बहुतेक मार्ग बंद ठेवले. त्या काळात २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. २०२५ ची बंदी त्याहून जाचक ठरली, कारण मधल्या काळात भारतीय कंपन्यांची पश्चिमेकडील उड्डाणे वाढली होती. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना इंधनासाठी युरोपात थांबावे लागले. इंडिगोची अल्माटी व ताश्कंदची सेवा, तिच्या लहान विमानांच्या पल्ल्याबाहेर गेल्याने, बंदच झाली. एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा सप्टेंबरपासून थांबवली. या निर्णयामागे बंद आकाश हे एक कारण होते. मुंबईच्या प्रवाशाला याची झळ कमी लागते, कारण येथली विमाने अरबी समुद्रावरून मस्कतच्या बाजूने पश्चिमेस जातात. पंजाबातील अथवा दिल्लीतील माणसाला ती थेट लागते. दुसऱ्या बाजूस पाकिस्तानची विमान कंपनी इतकी खंगलेली की आपले आकाश बंद झाल्याने तिचे बिघडण्यासारखे फार नव्हते. तोटा झाला तो मार्ग-आकारणीच्या उत्पन्नाचा. दोन महिन्यांत सुमारे ४१० कोटी पाकिस्तानी रुपये बुडाल्याचे तेथील सरकारने स्वतःच कबूल केले. सर्वांत मजेची गोष्ट म्हणजे तिसऱ्या देशांच्या कंपन्यांना ही बंदी लागू नव्हती. भारतीय प्रवासी युरोपीय वा आखाती कंपनीच्या विमानात बसला तर पाकिस्तानवरून जाऊ शकतो आणि स्वदेशी विमानात बसला तर नाही. या दोन शेजाऱ्यांच्या भांडणाची कमाई कोणाच्या खिशात जाते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आणि येथेच कायद्याचा मुद्दा उपस्थित होतो. शिकागो कराराचे नववे कलम राष्ट्रांना आणीबाणीच्या प्रसंगी अथवा सुरक्षिततेसाठी आपले आकाश तात्पुरते बंद करण्याची मुभा देते, पण अट घालते : बंदी सर्व राष्ट्रांच्या विमानांना सारखीच लागू झाली पाहिजे. एका देशाच्या विमानांना निवडून बाजूला काढणे या कलमात बसत नाही. ८९ वे कलम युद्धाच्या काळात राष्ट्रांना मोकळीक देते. राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून मंडळाला तसे कळवले तरीही ती मिळते. पण हे कलम पुढे करून आपण युद्धात आहोत असे जगाला सांगावयास दिल्ली वा इस्लामाबाद कोणीही तयार नसते. अपराधी दोन्हीकडे असल्याने तक्रारीला कोणी जात नाही, इतकेच. पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने कठोर व्हावयास नको होते, असा याचा अर्थ नाही. दहशतवादाला आश्रय देणाऱ्या राज्याशी कसे वागावे हा प्रश्न वेगळा आणि फार मोठा आहे. पण ताश्कंदची विमाने बंद पडल्याने एकही अतिरेकी तळ बंद पडत नाही.

आकाश बंद करणे हे नेहमीच चुकीचे असते, असेही नाही. पूर्व युक्रेनमध्ये २०१४ साली लढाई पेटलेली असताना त्या सरकारने ३२ हजार फुटांखालील आकाश तेवढे बंद केले होते. १७ जुलै रोजी मलेशियन एअरलाइन्सचे विमान ३३ हजार फुटांवरून जात होते. ते क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे प्राणांस मुकली. तेथे आकाश बंद न करणे हा अपराध होता. त्याआधी १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन विमान पाडले जाऊन २६९ जण मेले, तेव्हा सारे जग हादरले आणि पुढच्याच वर्षी शिकागो करारात दुरुस्ती होऊन उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवण्यास मनाई झाली. ती दुरुस्ती अमलात यायला मात्र १९९८ साल उजाडले.

म्हणजे नागरी विमानावर गोळी झाडू नये इतके आता सर्वांना मान्य आहे. गारांच्या वादळात सापडलेल्या विमानाला बाजूस सरकू द्यावे की नाही, यावर मात्र नियम मौन पाळतात. २५ वे कलम ‘आपल्या हद्दीत’ संकटात सापडलेल्या विमानास शक्य ते साहाय्य देण्याचे बंधन घालते. विमान उंबरठ्याच्या अलीकडे असेल तर बंधन नाही! रशियाचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. युक्रेन युद्धामुळे रशियाने पाश्चात्त्य कंपन्यांना आपले आकाश बंद केले; एअर इंडियाला ते खुले राहिले. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या तिच्या बोइंग विमानाच्या एंजिनात बिघाड झाला आणि ते २१६ प्रवाशांसह पूर्व सैबेरियातील मगादान येथे उतरले. विमान अमेरिकन बनावटीचे, प्रवाशांत अमेरिकन नागरिक, आणि देश अमेरिकेशी उघड वैर असलेला. तरीही त्यांना आसरा मिळाला, आणि त्यांना नेण्यासाठी भारतातून पाठवलेल्या दुसऱ्या विमानासही परवानगी मिळाली. संबंध जपण्याची इच्छा असली म्हणजे कलमांत न लिहिलेलेही सुचते.

भारत आणि पाकिस्तान यांच्यात ती इच्छा आज शोधूनही सापडणार नाही, म्हणून ती लेखी करून ठेवणे अधिक आवश्यक आहे. त्यासाठी नवे तत्त्वज्ञान नको. ६ एप्रिल १९९१ रोजी दिल्लीत या दोन देशांनी हवाई हद्दभंग टाळण्यासंबंधी करार केला. एकमेकांच्या आकाशापासून दहा किलोमीटरच्या आत लढाऊ विमाने आणू नयेत, निःशस्त्र वाहतूक विमानांनी एक किलोमीटर अंतर ठेवावे, आणि लष्करी विमानाला परक्या हद्दीतून जावयाचे वा तेथे उतरावयाचे असेल तर अर्ज कोणाकडे व किती दिवस आधी करावा, एवढा तपशील त्यात आहे. लष्करी विमानांसाठी जे दोघांना सुचले, ते साध्या प्रवाशांच्या विमानांसाठी सुचू नये, हे चमत्कारिक आहे. या कराराला एक पुरवणी जोडता येईल. वादळ, एंजिनातील बिघाड, विमानात कोणी अत्यवस्थ होणे अशा कारणाने वैमानिकाने मागणी केल्यास, आकाश बंद असो वा नसो, सीमेपासून ठरावीक अंतरापर्यंत वळण्याची मुभा मिळावी. ती देण्याचा अधिकार लाहोर, कराची, दिल्ली आणि मुंबई येथील नियंत्रण कक्षांतील पाळीवरच्या अधिकाऱ्याकडे असावा आणि त्यासाठी त्याला वर कोणाला विचारावे लागू नये. २१ मेच्या संध्याकाळी आपल्या हवाई दलाच्या कक्षानेही वळू दिले नव्हते, तेव्हा हा आदेश केवळ लाहोरसाठी नाही. तो प्रथम आपल्याकडे निघाला पाहिजे, आणि त्यासाठी पाकिस्तानच्या उत्तराची वाट पाहण्याचे काही कारण नाही.